लांबचं की जवळचं

नाही नाही, डोळे उघडू नका ताई, मिटूनच ठेवा — सिस्टर बघेल तर ओरडेल, आणि मग परत ड्रॉप टाकेल, आणि हा ड्रॉप चुरचुरतो, मला माहीत आहे. डोळ्याची बाहुली मोठी व्हायला टाकतात. उघडे ठेवले तर नुसता उजेड घुसतो, दिसत काही नाही. मिटून बसा आणि ऐका. मी क्लारा. कोपरीची. माझा माणूस आत गेलाय, झेवियर, त्याच्यानंतर तुमचाच नंबर. तुमची सून चहा घेऊन येईपर्यंत मी आहे इथे — हा बघा, हा माझा हात. बघू नका, नुसता धरा. घाबरलात? कशाला घाबरायचं? डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत आलात म्हणजे दहा जणांना विचारूनच आलात ना, मग झालं तर.

मला विचारा ना. माझे दोन्ही डोळे इथेच झालेत, एक गणपतीच्या आधी आणि एक नंतर. डॉक्टर सांगतात ते सगळं खरं असतं, पण त्याने समजत काही नाही. मी सांगते. आधी लेझरची खोली. लोकांना वाटतं लेझर म्हणजे बटण दाबलं आणि मोतीबिंदू पळाला — तसं नाही. लेझर नुसती चीर पाडतो आणि आतल्या मोतीबिंदूचे तुकडे करून ठेवतो. आपण भाजी चिरून ठेवतो ना, तसं, फोडणी नंतर. डोळ्यावर एक वाटीसारखं बसवतात, दाब लागतो, सगळं काळंकरडं होतं — तेव्हा ‘मी आंधळी झाली’ असं ओरडायचं नाही. मी ओरडलेली. मिनिटभराचं काम असतं. मग बाहेर आणून खुर्चीवर बसवतात, डोक्याला ती हिरवी टोपी, सगळे तिथे एकसारखे दिसतात, वकील काय नि भाजीवाली काय. मग दुसरी खोली. तिथे डॉक्टर ते तुकडे ओढून घेतात आणि नवीन लेन्स आत सोडतात — घडी घालून सोडतात, आत जाऊन ती आपली आपण उलगडते. दुखत नाही. सुई पण नाही, ड्रॉपनेच बधिर होतं. रंग दिसतात, गुलाबी, निळे, मोरपिशी, फुकटात. फक्त बोलायचं नाही आणि मान हलवायची नाही. मला तेच जड गेलं. डॉक्टर दोनदा बोलले, आंटी, तुमचा डोळा शांत आहे, तुम्ही शांत राहा.

आणि हो, हे लक्षात ठेवा — लेन्स टाकायच्या आधी सिस्टर डबा घेऊन बाहेर येते. बंद डबा. तुमच्या सुनेला दाखवणार, पेशंटचं नाव, कुठला डोळा, लांबचा नंबर की जवळचा, आणि सून ‘हो’ बोलली की आत नेऊन फोडणार. फोडला की फोडला, मग बदल नाही. इथली पद्धत आहे. चांगली पद्धत आहे. नाही, चांगलीच आहे.

काय? नाही, मी ठीक आहे. एसी जास्त आहे ना.

नंतरचं सांगते. चोळायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, ड्रॉप टाकत राहायचं, रात्री तो प्लास्टिकचा कप लावून झोपायचं. मासे चालतात. आमच्या बिल्डिंगमधली आवडाबाई बोलली मासे खाल्ले तर पू होतो, मी डॉक्टरांना विचारलं, ते बोलले आवडाबाईंना डोळे दाखवायला आणा. मग पट्टी निघाली की — हां, तेव्हा मात्र तयारी ठेवा. सगळं एवढं पांढरं दिसतं की भीती वाटते. मी घरी गेली तर ट्यूबलाइट निळी. ओट्यामागच्या टाइल्स मी पांढऱ्या समजत होती, त्यांच्यावर एवढं तेल, एवढं तेल, की मला वाटलं शेजाऱ्यांच्या घरात आली. दोन दिवस वाकायचं नाही म्हणून नुसती खुर्चीवर बसून तेलाकडे बघत होती. आणि मग आरशात बघितलं. मी झेवियरला बोलली, अरे, माझं तोंड एवढं सुरकुतलंय, तू मला सांगितलं का नाहीस? तो बोलला, मला कुठे दिसतंय.

हसा, हसा. हसायला चालतं.

त्याचे दोन्ही डोळे माझ्याआधीच गेलेले. घरात कमी, पण बाहेर ऊन असलं की त्याला सगळा धूर धूर. उन्हात मला बोलायला लागायचं तेव्हा कळायचं मी आहे. तरी ऑपरेशन नको. मी मागे लागली, मुलगी फोनवर रडली, फादर पण बोलले, तर नको. का नको? तर नको. झेवियर बोलतच नाही ना, ताई. दारू नाही, भांडण नाही, नुसतं बोलत नाही. मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात फिटर होता, तिथे मशिनीच्या आवाजात कोण कोणाचं ऐकणार, म्हणून हाताने खुणा करायची सवय लागली, ती रिटायर झाला तरी गेली नाही. मीठ पाहिजे तर असं चिमटीने दाखवणार. शर्ट मी काढून देते तो घालतो. हॉटेलात गेलो तर वेटर त्याला विचारतो आणि तो माझ्याकडे बघतो. इतक्या वर्षांत त्या माणसाने ‘मला हे पाहिजे’ असं बोललेलं मी ऐकलं नाही. लग्नाच्या वेळी पण त्याच्या आईनेच सांगितलेलं.

आणि मग एक दिवस आपण होऊन बोलतो, डोळ्याचं करून टाकू. कधी? तेच तर सांगते. आमच्या चर्चच्या सणाच्या त्याच आठवड्यात.

तर डॉक्टरांनी तपासलं. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी पण एक लेन्स असते, पण झेवियरच्या डोळ्याचा पडदा कमजोर, त्याला ती नको बोलले, साधीच बरी. साधी म्हणजे एकच काहीतरी स्वच्छ — लांबचं घेतलं तर वाचायला चष्मा, जवळचं घेतलं तर लांबचं बघायला चष्मा. मी जवळचं घेतलेलं, मला गाण्याचं पुस्तक वाचायला लागतं ना, मी चर्चच्या क्वायरमध्ये आहे. आता त्याला डॉक्टरांनी विचारलं, अंकल, तुम्हाला काय पाहिजे? मी तोंड उघडणारच होती, आणि हा माणूस — माझ्याकडे न बघता — ‘लांबचं.’ स्पष्ट. डॉक्टरांनी परत विचारलं, तर परत ‘लांबचं.’

मी बघतच राहिली. तुम्ही सांगा, जवळ काय आहे त्याच्या? ताट आहे, पत्ते आहेत, प्रार्थनेचं पुस्तक आहे, आणि मी आहे. सकाळी उठल्यापासून मीच जवळ आहे. काट्याचा मासा असला तर त्याच्या ताटातले काटे मी काढून देते, लहान पोराचे काढतात तसे, कारण त्याला दिसत नाहीत आणि मासा तर पाहिजे. आणि त्याला लांबचं बघायचंय. रिक्षात मी विचारलं, काय बघायचंय रे तुला लांबचं? तर बोलला, ‘आहे.’ काय आहे? ‘आहे ना.’ रिक्षावाल्याने पण आरशातून मागे बघितलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटलं. घरी येऊन मी कांदे चिरायला घेतले, कांद्यांची काही गरज नव्हती.

लांब काय आहे ते मला माहीत आहे ना. लांब ब्रेंडा आहे.

ब्रेंडा म्हणजे सिरिलची बायको. सिरिल झेवियरचा दोस्त, तो वारला. ती समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या माळ्यावर, आम्ही पण दुसऱ्या माळ्यावर, मध्ये गल्ली, गॅलरी समोरासमोर. आणि झेवियर सकाळपासून गॅलरीत. ती झाडांना पाणी घालते, हा तिकडे तोंड करून बसतो. लग्नाआधी त्याला ब्रेंडाचं स्थळ आलेलं — आलेलं आणि गेलेलं, तिच्या बापाला कारखान्यातला मुलगा नको होता. मी कधी मनात ठेवलं नाही. ठेवलं असतं तर तिच्या बाजूला उभी राहून गायली असती का? आम्ही दोघी क्वायरमध्ये शेजारी शेजारी. ती वाईट नाही हो. तिचा आवाज जरा पातळ आहे, पण ती वाईट नाही.

तर सणाच्या दिवशी काय झालं. मोठी मिस होती, म्हणजे आमची चर्चमधली मोठी प्रार्थना, आम्ही चांगलं गायलो. मिस संपल्यावर सगळे बाहेर कंपाउंडमध्ये, चहा, केक, वडे, कडक ऊन. मी आत राहिलेली, माइकच्या वायरी गुंडाळत, कारण त्या दुसरं कोणी गुंडाळत नाही. आणि ब्रेंडा हसत हसत आत आली. बोलते, क्लारा, तुझ्या नवऱ्याला काय झालंय? मी चहा ओतून घेत होती, तर मागून आला, खांद्यावर हात ठेवला आणि बोलला, ‘आज फार छान गायलीस.’ मी वळली तर तसाच निघून गेला. असं सांगते आणि ती हसते. मी पण हसली. हसायलाच लागतं ना अशा वेळी.

मला कधी बोलला नाही. मी लग्नाच्या आधीपासून क्वायरमध्ये आहे, ताई. मुलगी पोटात असताना गायली, आई गेली त्या आठवड्यात गायली, आणि त्या माणसाने एक दिवस बोललं नाही छान झालं. उलट काय विचारतो माहिती आहे? हल्ली दर रविवारी घरी येताना विचारतो, ‘आज कुठे उभी होतीस?’ दर रविवारी! अहो, मी कुठे उभी असणार? डावीकडून दुसरी, ब्रेंडाच्या बाजूला, वर्षानुवर्षं तिथेच. फरशीवर माझ्या पायाचा डाग पडला असेल. बायको कुठे उभी असते तेवढं पण लक्ष नाही, आणि ब्रेंडाला जाऊन छान गायलीस. घरी मी विचारलं, ब्रेंडाला काय बोललास? तर त्याचं तोंड असं झालं, असं पडलं — आणि उठून गॅलरीत गेला. आणि दोन दिवसांनी बोलतो, डोळ्याचं करून टाकू. मी काय समजायचं? तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?

बरोबर. मी पण तेच समजली.

म्हणून परवा... बघा, हे मी सुनेला सांगितलं नसतं, मुलीला पण नाही सांगितलं. तुम्ही डोळे मिटून बसलात म्हणून सांगते. परवा इथून फोन आला, ती काउंटरवरची सोनल. झेवियरचा फोन माझ्याकडेच असतो, त्याला कुठे आकडे दिसतात. ती बोलली, आंटी, अंकलचा लांबचाच नंबर फायनल ना, लेन्स काढून ठेवते. झेवियर गॅलरीतच होता, समोर तोंड करून. आणि मी बोलली, ‘नाही, जवळचा. विचार बदललाय त्यांचा.’ असं बोलली. आवाज पण बदलला नाही माझा. ती बोलली ठीक आहे आंटी, ऑपरेशनच्या दिवशी डबा दाखवतीलच फोडायच्या आधी, तुम्ही हो बोला.

म्हणजे तो आत्ता आत बसलाय टोपी घालून, आणि त्याला वाटतंय लांबचं दिसणार.

बोला काहीतरी. चूक केली का मी? जवळचं दिसलं तर काय वाईट आहे? स्वतःचे काटे स्वतः काढेल. पत्ते खेळेल, हल्ली राजा आणि गुलाम दोघांना एकच समजतो. आणि मी दिसेन त्याला. सुरकुतलेली तर सुरकुतलेली, पण दिसेन तरी. हे काय फार झालं का मागणं? लांबचा चष्मा घेऊन देईन की मी, चांगला घेऊन देईन, त्याने बघू दे ब्रेंडाला, पण चष्मा लावून बघ ना, बाबा. चष्मा काढला की घरी ये.

काय बोललात? मोठ्याने बोला, तो टीव्ही आहे ना तिथे.

चर्चमध्ये? तो कुठे बसतो ते कशाला पाहिजे तुम्हाला? मागे बसतो. आधी बसायचा पुढे, माझ्या समोरच्या बाकावर, मग दम्याचं सुरू झालं, धूप लागतो त्याला, म्हणून शेवटच्या बाकावर, दाराशी, तिथे हवा येते. दोन-तीन वर्षं झाली. मी पुढे, अल्टारच्या, म्हणजे वेदीच्या बाजूला. मध्ये सगळं चर्च. म्हणजे बरंच लांब, ह्या हॉलच्या तिप्पट तरी, तिथून आम्ही म्हणजे त्याला नुसत्या एका रंगाच्या...

लांब.

थांबा.

थांबा हं, ताई. ऊन होतं त्या दिवशी. मी बोलली ना, कडक ऊन. आणि आमचे ड्रेस एकच, सणाला सगळ्या क्वायरला एकाच कापडाचे शिवलेले, फिकट निळे. मीच कापड आणलेलं. ब्रेंडा पण अंगाने माझ्यासारखी, केस दोघींचे कापलेले, दोघींचे पांढरे, आणि ती वाकलेली चहा ओतायला, आणि हा मागून आला. ती वळली आणि बोलली असेल काहीतरी, आवाज पातळ, आणि मग ह्याला कळलं. म्हणून निघून गेला. म्हणून तोंड पडलेलं. मला वाटलं पकडला गेला म्हणून पडलं.

तो मला बोलला होता. ताई, तो मला बोलला होता, आज फार छान गायलीस. चुकीच्या बाईला बोलला, पण मला बोलला.

आणि ‘कुठे उभी होतीस’ म्हणजे... अरे देवा. मी त्याला काय उत्तर द्यायची माहिती आहे? दर रविवारी? ‘तुला काय करायचंय.’

सांगायचं ना मग! दिसत नाही म्हणून सांगायचं! चिमटीने मीठ मागतो, मग हे पण खुणेने सांगायचं! ‘आहे’ म्हणे. ‘आहे ना’ म्हणे. कोणाला कळणार त्यातून, मी काय फादर आहे कन्फेशन घ्यायला?

कोण आलं? सिस्टर आली? हां. डबा. तुम्ही मिटा डोळे.

हो, मीच, झेवियरची मीच. दाखव. उजवा डोळा, बरोबर. नाव बरोबर. जवळचा... नाही. थांब, बाय, फोडू नको. परत ने. लांबचा आण. हो, परवा मीच बोललेली जवळचा, आता मीच बोलते लांबचा. असेल ना कपाटात, सोनल पहिला लांबचाच काढून ठेवणार होती. डॉक्टर ओरडतील? ओरडू दे, मला ओरडू दे. पेशंटला विचारायचंय? मग विचार की, लेझर झालाय ना, बाहेर खुर्चीवरच बसवलाय ना त्याला. नाही, थांब. मीच विचारते. चप्पल काढते, आत नाही येत, ह्या दारातूनच विचारते, एवढं कर माझ्यासाठी. जरा ढकल ते दार.

झेवियर! अरे, मी क्लारा. मान हलवू नको. लांबचंच ना रे?

...

ऐकलंत? नाही ऐकलंत, टीव्हीत कुठे ऐकू येतं. ‘सांगितलेलं की’ बोलला. एवढंच. ‘सांगितलेलं की.’ सिस्टर हसली. हसायला काय झालं तिला?

गेली ती, डबा बदलून आणते बोलली. बसते आता. सरका जरा. उंच सूर लागला की माझं तोंड वाकडं होतं, ताई, डावीकडे जातं, ब्रेंडानेच सांगितलेलं. शेवटच्या बाकावरून ते आता सगळं स्वच्छ दिसणार त्याला. बघू दे. मागितलंय तर बघू दे.

तुम्ही डोळे उघडलेत? कशाला उघडलेत? माझ्याकडे काय बघताय, तुम्हाला धूर दिसतोय आत्ता, मला माहीत आहे. एसीने पाणी येतं डोळ्याला, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला जास्त येतं, ते पण लक्षात ठेवा. मिटा. ती बघा तुमची सून आली चहा घेऊन. आणि आता गप्प बसा जरा, ताई. मघापासून किती बोलताय.